अंबाडोंगरचा प्रकल्प : उपग्रहचित्रं कोणती घेऊ? फिल्डला कधी जाऊ?

रेवाकाठ
नमस्कार. मी वडोदऱ्यात एमएस्सी भूशास्त्र करतेय. प्रकल्पासाठी छोटा उदेपूर जिल्ह्यातलं अंबाडोंगर घेतलंय. कार्बोनटाइट (कार्बोनेट खनिजांचा अग्निज खडक), फ्लोराइट (फ्लोरिनचं खनिज), रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं), सगळंच तिथे आहे म्हणून. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्राचा बँड (प्रकाशलहरींचा पट्टा) ११ भागिले १२ काढला, तर डोंगरच काय, आजूबाजूची शेतंही उजळली. आता यातून खनिज कसं ओळखू? घरचे फिल्डला एकटीला सोडत नाहीत, त्यावरही सुचवा.

खडककाका
शेतं उजळणारच! बेसॉल्ट कुजून झालेल्या काळ्या मातीत चिकणखनिजं भरपूर, आणि सेंटिनेलचा बँड १२ इतका रुंद की चिकणमाती आणि कार्बोनेट एकाच डागात दिसतात. तू ॲस्टर या उपग्रह-उपकरणाची चित्रं घे. त्याच्या शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये (डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात) ६ अरुंद बँड आहेत, ३० मीटरचे. कार्बोनेट २.३३ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतं, ते बँड ८ मध्ये पडतं. म्हणून बँड ७ आणि ९ ची बेरीज करून ८ ने भाग. पण एप्रिल २००८ मध्ये ते संवेदक बंद पडले, तेव्हा चित्र त्याआधीचंच हवं. मार्च-एप्रिलचं शोध, साग निष्पर्ण असतो तेव्हाचं. उरलेली हिरवळ एनडीव्हीआयने (वनस्पती दाखवणाऱ्या निर्देशांकाने) झाकून टाक.

तरीही क्लोराइट, एपिडोट ही दुसरी खनिजं आणि शेतातले चुनखडे याच गुणोत्तरात चमकतील. मी सुरुवातीला अशाच एका चमकदार डागामागे दोन दिवस चाललो आणि कंकर, म्हणजे तेच चुनखडे, घेऊन परतलो. चित्र फक्त कुठे जायचं ते सांगतं. काय आहे ते हातोडाच सांगतो.

नकाशावेडी
आधी भूकोश या संकेतस्थळावरून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा १:५०,००० नकाशा उतरव. मोफत आहे. तिथे कार्बोनटाइट कड्यासारखं गोल पसरलंय, बाजूला बाघ नावाच्या खडकथरांचा वालुकाश्म. फ्लोराइट या दोघांच्या सीमेला शोध. तुझे डाग त्या कडेवर पडतात का, एवढंच आधी बघ.

शीला मावशी
रेवा, डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. सोबत वर्गातल्या दोघीतिघी आणि गावातला एक राठवा (तिथल्या आदिवासी समाजाचा) माणूस घे, त्याला प्रत्येक नाला ठाऊक असतो. खाणपट्ट्याच्या हद्दीत आणि जंगलात शिरण्याआधी परवानगी काढ, हे विसरू नकोस गं. पिशवीत भिंग आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ठेव. कॅल्साइट हे कार्बोनेट आम्लाने लगेच फसफसतं, अँकेराइट हे लोह असलेलं कार्बोनेट पूड केल्यावर हळूहळू. फ्लोराइट फसफसत नाही, चाकूने ओरखडतं आणि हाताला जड लागतं. प्रत्येक नमुन्यावर जागेचे अक्षांश-रेखांश तिथल्या तिथे लिही, संध्याकाळी आठवत नाही.

रेवाकाठ
खूप आभार! काका, २००५ च्या मार्चचं एक चित्र सापडलंय, ढग नाहीत. भूकोशचा नकाशा त्यावर चढवून इथेच टाकते. मावशी, दोघी मैत्रिणी तयार झाल्या, आईनेही होकार दिला. गावातल्या माणसाला दिवसाचे किती द्यावेत?