'बाइंडिंग'ला काय म्हणावं? बंध, बंधन की पकड?

उंबरठा : पेंढा, पाचट, तुराट्या यांपासून इथेनॉल करण्यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. एन्झाइमला 'विकर' हा शाळेतला शब्द आहेच. गाडी अडलीय 'बाइंडिंग'पाशी, म्हणजे विकर सेल्युलोजला (पेंढ्यातल्या ग्लुकोजच्या लांब साखळ्यांना) जाऊन लागतं, त्यापाशी. 'बंधन' घेतलं तर वाक्य असं होतं : 'विकराचे सेल्युलोजशी बंधन झाल्यावर ते सेल्युलोजमधील बंध तोडते.' आता यातलं बांधलं काय आणि तुटलं काय, मलाच कळेना.

जुनीवही : आमच्याकडे बाइंडिंग म्हणजे वह्यांचं, नाहीतर स्लॅबच्या सळयांना बांधायची बाइंडिंग वायर. दोन्हीकडे एकदा बांधलं की सुटता कामा नये. विकराचंही तसंच का?

तुराटी : नाही ना, गोम तिथेच आहे. मी याच कामात आहे म्हणून जरा लांबण लावतो.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू एका बुरशीने खाल्ले. तीच ट्रायकोडर्मा रीसाय. आज सेल्युलोज फोडणारी कितीतरी विकरं तिच्याच घराण्यातून येतात. तिच्या मुख्य विकराचे दोन भाग. एक छोटा, चपटा. त्याचं काम सेल्युलोजच्या पृष्ठभागाला धरून राहणं. दुसरा मोठा, बोगद्यासारखा. साखळीचं टोक त्या बोगद्यात शिरतं आणि विकर दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे पाडत पुढे सरकतं. दोन भागांमध्ये लवचिक दोरी. धरण्याचं काम सौम्य आकर्षणांवर चालतं, तुटतो तो मात्र पक्का रासायनिक बंध. म्हणून दोन्हींना 'बंध' म्हणू नका.

आता सुटण्याचं. वाटेत अडथळा आला की विकर जागच्या जागी थांबतं, पण साखळी लवकर सोडत नाही. मागून येणारीही खोळंबतात. २०११ साली जपानी संशोधकांनी हा खोळंबा अतिवेगवान सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिला. म्हणजे पकड सैल असली तर काम सुरूच होत नाही, फार घट्ट असली तर उरकत नाही. स्वयंपाकघरातली सांडशी आठवा. पातेलं उतरवून झाल्यावर ती सुटली नाही तर काय उपयोग? मी 'पकड' म्हणेन.

उंबरठा : 'पकड' आवडला. पण पुढच्या परिच्छेदात विकर लिग्निनलाही (काडीला कडकपणा देणाऱ्या पदार्थाला) बाइंड होतं म्हटलंय, आणि ते वाईट. तिथेही पकडच?

तुराटी : तिथे अजिबात नको. लिग्निन फोडणं या विकराच्या हातात नाही, नुसतं त्याला डकून बसतं. तेवढं विकर वाया, आणि विकर म्हणजे खर्चाची बाब. म्हणून काही जण आधी सोयाबीनचं स्वस्त प्रथिन घालतात. लिग्निनवरच्या जागा ते अडवतं, विकर मोकळं राहतं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, पुढे फक्त विशेषण बदलतं. आपल्याकडे क्रियापदंच वेगळी आहेत : सेल्युलोजला धरतं, लिग्निनला डकतं.

पाटीपूजन : 'अधिशोषण' (पृष्ठभागावर चिकटून जमणं) हा रीतसर शब्द असताना सांडशी कशाला?

तुराटी : पृष्ठभागावर किती विकर जमलं, ते मोजण्याच्या संदर्भात अधिशोषण बरोबर आहे. पण बोगद्यात साखळी शिरणं त्यात येत नाही. शिवाय सामान्य वाचकाला त्यातलं 'शोषण'च आधी दिसतं.

जुनीवही : 'डकतं' आमच्या आजीचा शब्द. छापील लेखात चालेल?

उंबरठा : लेखात पानिपतचा इंडियन ऑइलचा प्रकल्प आहे, २०२२चा, भाताच्या पेंढ्याचा. तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं. वाचणाऱ्यांत शेतकरी असणार, त्यांना 'डकतं' कळेल. असं लिहिलंय : 'विकर सेल्युलोजची साखळी पकडते, तोडत पुढे जाते, लिग्निनला मात्र डकून बसते.' संपादकांच्या समाधानासाठी शीर्षकात 'बंधन' ठेवलंय.

पाटीपूजन : शीर्षकातलंही काढा. मग मी अधिशोषणाचा हट्ट सोडतो.