सात महिन्यांनंतरचा 'ब्रेक' बंद व्हायला हवा का?

शॉपफ्लोअरचा एचआर
चाकणच्या एका कारखान्यात नऊ वर्षं एचआरमध्ये होतो. दर महिन्याला टेबलावर एक यादी यायची, सात महिने भरत आलेल्या मुलांची. त्यांचे गेटपास जमा करून घ्यायचे, 'ब्रेक' द्यायचा. महिन्याभराने तोच मुलगा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, त्याच लाइनवर. कारण उघड आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या सरकारी नमुना नियमांत, बारा महिन्यांत 240 दिवस भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद आहे, आणि ते दिवस भरू द्यायचे नव्हते. कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही राज्याच्या 1971 च्या कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे. हे मला माहीत होतं, तरी सह्या केल्या. माझं मत स्पष्ट आहे : हे बंद व्हायला हवं.

लघुउद्योजक, भोसरी
साहेब, तुम्ही मोठ्या कंपनीत होतात. माझ्याकडे सव्वाशे माणसं. मोठ्या कंपनीचं शेड्यूल, म्हणजे महिन्याची मागणी, एका महिन्यात निम्म्यावर येतं, तेव्हा पगार कुठून काढू? औद्योगिक विवाद कायद्यात 100 किंवा जास्त कामगार झाले की कपातीला सरकारची परवानगी लागायची. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा 300 झाली, पण ती लागू होईपर्यंतची कित्येक वर्षं आम्ही त्याच भीतीत काढली. ब्रेक आम्ही हौसेनं देत नाही.

वेल्डर
मला चार वेळा ब्रेक मिळालाय. पाच वर्षांहून जास्त एकाच फिक्स्चरवर (वेल्डिंगला पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) काम केलं, कागदावर ठेकेदार तीन. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं सलग लागत होती, ती भरलीच नाहीत. पीएफचे पैसे तीन ठिकाणी अडकले. दिवाळीला शेजारच्या कायम कामगाराचा बोनस आणि माझा, यांची तुलनाच नको. घरी लग्नाची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न, मुलगा पर्मनंट आहे का? दादा, शेड्यूल कमी झालं तर घरी बसवा आम्हाला, तक्रार नाही. पण माझा ब्रेक ऐन सीझनमध्ये, ओव्हरटाइम चालू असताना यायचा. मग तो शेड्यूलमुळे कसा?

लघुउद्योजक, भोसरी
हे मात्र खरं आहे. नाकारत नाही.

क्वालिटीवाला
ब्रेकनंतरच्या पंधरवड्यात आमच्याकडे रिजेक्शन वाढायचं. हात बसलेला मुलगा बाहेर आणि नवा मुलगा स्पॅटर, म्हणजे वेल्डिंगचे उडून चिकटलेले कण, साफ करायला शिकतोय. तो खर्च एचआरच्या हिशेबात कधी धरलाच जात नाही.

कामगार कोर्टात फिरणारा
नुसतं 'बंद करा' म्हणून कामगाराच्या हाती काही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या स्टील अथॉरिटी निकालापासून, एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीवर सरकारनं बंदी घातली तरी कंत्राटी कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. कंत्राट बनावट होतं हे सिद्ध करावं लागतं, त्यात वर्षं जातात. त्यापेक्षा ठेकेदाराविना, कंपनीकडूनच ठरावीक मुदतीची थेट नेमणूक मागा. 2020 च्या संहितेत तशा कामगाराला त्याच कामाच्या कायम कामगारापेक्षा कमी पगार-सवलती देता येत नाहीत, आणि वर्षभराच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी लागू होते.

शॉपफ्लोअरचा एचआर
म्हणजे काम मुदतीचं असलं तरी कागद खरा. मला हे पटतं. पण मुदत ऑर्डरची असावी, सात महिन्यांची नव्हे; नाहीतर तीच यादी नव्या नावानं टेबलावर येईल.

लघुउद्योजक, भोसरी
माझी तयारी आहे. फक्त मोठ्या कंपन्या दरवर्षी आमच्याकडे दर कमी करून मागतात, त्या बोलणीत मजुरी वेगळी दाखवून तिला हात लावायचा नाही, असं ठरायला हवं. एकट्यानं म्हटलं तर ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते.