जादूई आकडा आणि बरोबरीचा नियम

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये बाद फेरीतली जागा पक्की व्हायला आपले विजय आणि प्रतिस्पर्ध्याचे पराभव मिळून अजून किती हवेत, हे सांगणारा आकडा म्हणजे ‘मॅजिक नंबर’. १६३ मधून (हंगामातले १६२ सामने अधिक एक) आपल्या संघाचे विजय आणि प्रतिस्पर्ध्याचे पराभव वजा करून तो काढतात, आणि हे सूत्र योग्यच आहे. मात्र हंगामाअखेर दोन संघांचे विजय सारखेच झाले, तर २०२२ पासून ही बरोबरी सोडवण्यासाठी जादा सामना खेळवला जात नाही, परस्परांतील सामन्यांची कामगिरी आधी पाहिली जाते, त्यामुळे त्या निकषावर सरस असलेल्या संघासाठी हा आकडा एकाने कमी धरावा लागतो.

२०२४ च्या नॅशनल लीगचेच (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) पाहा; बाद फेरीच्या उरलेल्या दोन जागांसाठी तीन संघ झुंजत होते. नियमित हंगाम रविवारी संपला तेव्हा ॲरिझोनाचा संघ ८९ विजय व ७३ पराभवांवर थांबला होता, तर न्यूयॉर्क मेट्स आणि अटलांटा ब्रेव्हज प्रत्येकी ८८-७२ वर असून सोमवारी, ३० सप्टेंबरला, त्यांना एकमेकांशीच दोन सामने खेळायचे होते. सूत्राप्रमाणे दोघांनाही दोन विजय हवे होते; प्रत्यक्षात एकच पुरला, कारण दोघेही ॲरिझोनापेक्षा परस्पर सामन्यांत सरस होते. मेट्सने पहिला ८-७ असा जिंकला, ब्रेव्हजने दुसरा ३-० असा, आणि घरी बसलेला ॲरिझोना (बिचारा!) तेवढेच विजय मिळवूनही बाहेर पडला. दोन्ही सामने एकाच संघाने जिंकले असते, तर हरणारा ८८ वरच राहून ॲरिझोनाला जागा मिळाली असती.