मदत हवी आहे: संत्र्याचा स्क्वॅश दुसऱ्या दिवशी कडू का होतो?

नागपूरच्या कळमना बाजारातून मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) संत्री आणली आहेत, फळ चांगलं गोड आहे. सोलून फोडी मिक्सरमधून फिरवते, गाळते, रस पाकात घालून एक उकळी देते. गरम असताना चव मस्त, सकाळी मात्र कडू. आधीची बाटली तर फसफसली. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, टिकवण्यासाठी घालायची पूड) कुणी चिमूटभर सांगतं, कुणी चमचाभर. दहा किलो फळ पडून आहे, लवकर सांगा.

बर्डीवाला:
मिक्सर काहून लावता हो? कडूपणा कधी येतो त्यावरून कारण कळतं. रस काढल्याबरोबर जीभ चरचरली तर ते सालीतलं तेल. फळ सालीसकट अर्धं कापून प्रेसमध्ये दाबलं की तसं होतं. काही तासांनी कडू झाला तर ते लिमोनिन नावाचं द्रव्य. बिया आणि फोडींच्या पापुद्र्यांत त्याचं बेचव पूर्वरूप असतं, आंबट रसात ते उतरलं की हळूहळू कडू लिमोनिन तयार होतं. मिक्सरचं पातं बी चिरडतं आणि पापुद्रा दळतं, वरून तुमची उकळी तो वेग वाढवते. नंतर गाळून काही हाती लागत नाही, जे उतरायचं ते उतरून गेलेलं असतं. मोसंबीचंही हेच.

महालची सुगरण:
सोलल्यावर पांढऱ्या शिरा काढा, फोडीची पाठ चिरून बिया काढा, मग मलमलीत हलक्या हाताने पिळा. शेवटचा थेंब काढायच्या नादात चोथा रगडू नका. हिरवट, अर्धकच्ची फळं बाजूला ठेवा, त्यांत कडूपणा जास्त असतो.

एक लिटर रसाला (साधारण अडीच किलो फळ लागतं) पावणेदोन किलो साखर, एक लिटर पाणी, ३० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड. साखर, पाणी, अ‍ॅसिड एकत्र करून साखर विरघळेपर्यंतच तापवा, गाळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. रस त्यानंतर. रसाला आच लावायचीच नाही.

बर्डीवाला:
केएमएस एवढ्या मालाला २ ग्रॅम. स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला ३५० मिलिग्रॅम आहे आणि केएमएसच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त वायू मिळतो, त्यामुळे २ ग्रॅम मर्यादेच्या आत बसतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर २ ग्रॅम नीट कळत नाही, लहान डिजिटल काटा घ्या. चिमूट प्रत्येकाची वेगळी. खाण्याच्या दर्जाचंच आणा, थोड्या थंड पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी मिसळा. गरम पाकात टाकलं तर वायू उडून जातो. तुमची बाटली फसफसली त्यामागे हे असू शकतं, नाहीतर बाटली ओली राहिली असेल.

इतवारी गल्ली:
कडू झालेल्यात चिमूटभर काळं मीठ टाका, चव सुधारते.

बर्डीवाला:
कडू चव नुसती झाकली जाते, निघून जात नाही. कारखान्यात रेझिनमधून (कडू द्रव्य शोषणाऱ्या बारीक दाण्यांतून) रस गाळून कडूपणा काढतात, घरी ते जमत नाही. झालेला स्क्वॅश लिंबू, आलं आणि काळं मीठ घालून सोड्यात संपवा, तो नव्या मालात मिसळू नका.

धागाकर्ती:
बाटल्या काचेच्याच घेऊ का? आणि हे मे महिन्यापर्यंत टिकेल?

महालची सुगरण:
काचेच्याच. पाण्यात उकळून, उपड्या ठेवून पूर्ण कोरड्या करा. तोंडाशी दोन बोटं जागा सोडून भरा. अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ठेवायचा विचार सोडा, फ्रीजमध्येच. पिताना एका भागाला तीन भाग गार पाणी. घरात कुणाला दमा असेल तर त्यांच्यासाठी केएमएस न घालता थोडा बनवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा, सल्फाइटने काहींना त्रास होतो.