शब्दचर्चा: ‘क्षार’ म्हणजे मीठ की अल्क? आणि आम्लारी कशाला म्हणायचं?

प्रश्न:
मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार व पाणी मिळते’ असं आहे. माझी इंदूरची मावशी हिंदीतून शिकली. ती म्हणते, क्षार हा आम्लाच्या उलट गुणाचा, म्हणजे आम्लारीच. बरोबर कोण? आणि पदार्थ आम्ल की आम्लारी हे ठरतं कशावरून?

प्रतिसाद:
आपापल्या पुस्तकाप्रमाणे दोघींचंही बरोबर. हिंदीत मिठाच्या वर्गाला ‘लवण’ म्हणतात, त्यामुळे ‘क्षार’ अल्कासाठी मोकळा राहिला. मराठीत मिठाच्या वर्गाला ‘क्षार’ म्हटलं, म्हणून समोरचा तो आम्लारी, आम्लाचा अरी. त्यातले पाण्यात विरघळणारे ते अल्क. कॉपर ऑक्साइड आम्लारी आहे, पण विरघळत नाही, म्हणून अल्क नाही.

जुना ‘क्षार’ मात्र राखेतला. जव जाळायचे, राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचं, की झाला यवक्षार. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. वर्गाने हे मीठ, पण पाण्यात गेलं की वागणं आम्लारीचं! मावशींचा अर्थ आणि पुस्तकाचा अर्थ, दोन्ही याच्यात सापडतात. घरी बघायचं असेल तर धुण्याच्या सोड्याच्या (तोही कार्बोनेटच) पाण्यात चिमूटभर हळद टाका, लाल होईल. चुन्याने हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणामुळे.

प्रश्न विचारणारी:
पण धुण्याच्या सोड्यात हायड्रॉक्साइड कुठे आहे? पुस्तकात तर आम्लारी हायड्रॉक्साइड आयन देते असं लिहिलंय.

प्रतिसाद:
फार चांगलं हेरलंत. ती व्याख्या अऱ्हेनियस या रसायनशास्त्रज्ञाची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. अमोनियातही हायड्रॉक्साइड नाही, तरी तो आम्लारी आहे. 1923 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लाउरी या दोघांनी स्वतंत्रपणे व्याख्या रुंदावली: प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजनचा धनभारित आयन) देतं ते आम्ल, घेते ती आम्लारी. सोड्यातला कार्बोनेट पाण्याकडून प्रोटॉन घेतो आणि पाण्याचा हायड्रॉक्साइड मागे उरतो. म्हणजे इथे पाणी आम्ल झालं. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात सोडा, तेच पाणी प्रोटॉन घेतं आणि आम्लारी ठरतं. तेव्हा मुलीला ‘कोणासमोर?’ हे विचारायची सवय लावा.

सूत्रातले हायड्रोजन मोजूनही भागत नाही. व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लात चार असतात, पाण्यात सुटतो तो फक्त ऑक्सिजनला जोडलेला एक. मिथेनमध्येही चारच, सुटत एकही नाही.

आणखी एक प्रतिसाद:
शेतीत या शब्दाची गल्लत महागात पडते, म्हणून लिहितो. ‘क्षारयुक्त’ जमिनीत विरघळलेले क्षार जास्त असतात, पण सामू (pH, आम्ल-अल्कपणाचं माप) साधारण 8.5 च्या आत असतो. निचऱ्याची सोय करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढले की ती सुधारते. ‘चोपण’ जमिनीत मातीच्या कणांना सोडियम धरून असतो आणि सामू 8.5 च्या वर जातो. तिथे नुसतं पाणी सोडलं तर माती आणखी बसते. आधी जिप्सम घालावं लागतं, त्यातल्या कॅल्शियमने सोडियम सुटतो, मग निचरा. माती परीक्षणाच्या अहवालात ‘क्षार’ दिसला की सामू आणि विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) हे दोन्ही आकडे बघूनच खर्चाचं ठरवा.