पायथॉन ते रस्ट : मराठी मजकूर वाटेत तुटतो, कसा पाठवू?

पायवाट
नमस्कार मंडळी. घरातल्या जुन्या पत्रांसाठी शब्दशोध बनवतोय. वरचा भाग पायथॉनमध्ये, शोधाचं इंजिन रस्टमध्ये, मधे सीटाइप्स (पायथॉनमधून सी पद्धतीची फंक्शनं बोलावणारी लायब्ररी). मजकुराचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि लांबी असं दोन्ही पाठवतो. इंग्रजी शब्द बिनचूक जातात, पण 'क्षमा' पाठवला की पलीकडे नुसता 'क' पोचतो आणि पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. शिवाय प्रोग्रॅम तासभर चालला की मेमरी फुगत जाते. पुढे जावातलं एक सॉफ्टवेअरही याच इंजिनाला जोडायचंय. सरळ जेसन (माहिती मजकुराच्या रूपात देण्याघेण्याची पद्धत) वापरू का?

उंबरठा
जेसन नको, तोही शेवटी बाइट म्हणूनच जाणार. लांबी पायथॉनच्या 'लेन'ने मोजताय ना? ते बाइट मोजत नाही. 'क्षमा'मध्ये क, हलन्त, ष, म आणि काना मिळून ५ घटक. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर बाइटच्या रूपात मांडण्याची पद्धत) देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइटचा, म्हणजे शब्द १५ बाइटचा. तुम्ही सांगता ५, म्हणून रस्ट ५ च बाइट वाचतं: क पुरा आणि हलन्ताचे ३ पैकी २. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, त्यामुळे चूक लपून राहिली.

आधी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करा, मग त्या बाइटची लांबी घ्या. आणि रस्टमध्ये 'लॉसी' रूपांतर (चुकलेल्या बाइटच्या जागी ते प्रश्नचिन्ह टाकणारं) वापरत असाल तर काढून टाका. बाइट चुकले तर तिथल्या तिथे एरर आलेली बरी.

पायवाट
अगदी तेच होतं! 'क्षमा' आता अख्खा पोचतो. मनापासून आभार. मेमरी मात्र तशीच वाढतेय.

काजवा
उत्तर परत आणताना रस्टमध्ये सीस्ट्रिंगचं (सी पद्धतीच्या मजकुराचा प्रकार) 'इन्टू रॉ' करत असाल, म्हणजे ती मेमरी सोडण्याची जबाबदारी रस्टने तुमच्यावर टाकली. पायथॉनकडे परतीचा प्रकार 'सी चार पी' ठेवला असेल, तर सीटाइप्स मजकुराची प्रत काढून हातात देतं आणि मूळ पॉइंटर हरवतो. मग सोडणार काय? परतीचा प्रकार 'व्हॉइड पॉइंटर' करा, 'स्ट्रिंग अ‍ॅट'ने वाचा आणि तोच पॉइंटर रस्टमधल्या तुमच्या सोडण्याच्या फंक्शनला द्या. त्यात 'फ्रॉम रॉ' हवं. सीचं 'फ्री' चुकूनही लावू नका. ज्याने मेमरी घेतली त्यानेच ती सोडायची.

नुसतं पायथॉनच असतं तर मी डोळे झाकून पायओ३ (रस्ट आणि पायथॉन जोडणारी लायब्ररी) सुचवलं असतं, ही सगळी ने-आण ते स्वतः करतं. जावाही येणार आहे, तेव्हा सीची सीमा (दोन्ही भाषांना बोलावता येणारी सी पद्धतीची फंक्शनं) राहू द्या.

ओसरी
जावाबद्दल आधीच सांगतो, मी यात दोन दिवस घालवलेत. जेएनआयमधल्या (जावा आणि इतर भाषांतला कोड जोडण्याची सोय) 'गेट स्ट्रिंग यूटीएफ चार्स'च्या नावात यूटीएफ असलं तरी ते खरं यूटीएफ-८ नाही, जावाचं सुधारित रूप आहे. देवनागरीत फरक दिसत नाही, म्हणून सगळ्या चाचण्या पास होतात. पण जुनी पत्रं म्हणजे मोडी आलीच! मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, तीही पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे. तिचं अक्षर खऱ्या यूटीएफ-८ मध्ये ४ बाइट, तर जावाच्या रूपात ६. ते ६ बाइट रस्ट साफ नाकारतं. जावातच 'गेट बाइट्स'ला यूटीएफ-८ सांगा आणि बाइट अ‍ॅरे पाठवा.

आणखी एक, सीमेवर मजकूर 'स्वच्छ' करू नका. 'दऱ्या' दोन प्रकारे टंकला जातो: ऱ, हलन्त, य किंवा र, हलन्त, न दिसणारा जोडक, य. न दिसणारी चिन्हं सरसकट गाळलीत तर दुसऱ्या प्रकारातल्या दऱ्यांचा दर्या होतो. एनएफसीही (मजकूर एकसारखा करण्याचं युनिकोडचं प्रमाण रूप) हे दोन प्रकार एक करत नाही. त्यासाठी इंजिनातच स्वतःचा नियम लिहा, म्हणजे पायथॉन आणि जावा दोघांनाही तो सारखाच लागू होईल.

पायवाट
काजवा, मेमरी आता एका जागी स्थिर आहे. ओसरी, दोन्ही प्रकारचा 'दऱ्या' आणि मोडीतला एक शब्द चाचणीत घातलाय. आजोबांच्या पत्रांत मोडी भरपूर आहे, त्यामुळे हे आत्ताच कळलं ते फार बरं झालं.