आधी आवाज, मग स्पेलिंग

म्हापशाच्या ताईंनी विचारलंय की मुलगी तिसरीत, मराठी माध्यमात आहे, इंग्रजी वाचताना अडखळते, तर शाळा बदलावी का. माझं मत स्पष्ट आहे, बदलू नका. मराठी नीट वाचणाऱ्या मुलीला अक्षरावरून आवाज काढायची सवय असते, तीच इथे कामी येते.

एबीसीडीची नावं तिला येतच असतील, आता आवाज शिकवा. एस, ए, टी, पी, आय, एन या सहाच अक्षरांतून सॅट, पिन, टॅप, स्पिन, पँट असे कितीतरी शब्द जुळतात. 'वॉज', 'सेड' असले नियमात न बसणारे शब्द मात्र पाहून पाहूनच लक्षात राहतात.

रोज दहा मिनिटं शेजारी बसून वाचा, एक ओळ तुम्ही, एक तिने. अडली की लगेच शब्द सांगू नका. पहिल्या अक्षरावर बोट ठेवा आणि थांबा. अर्थावर मराठीत, कोंकणीत खुशाल बोला.

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, तिथे तिलाच पुस्तक निवडू द्या. शिवाय प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर गोष्टी फुकट मिळतात, बऱ्याच दोन्ही भाषांत. आधी मराठीतून वाचून घ्या, मग तीच इंग्रजीतून.